‘द. सातारा’ लिहिलेला कागद

सांगली

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या स्काउट पथकाचा आणि हॉलचा इतिहास लिहायला घेतलास, बरं केलंस. तुझी पहिली चार पानं मात्र सरळ काढून टाक. इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर १९०७ साली स्काउटचे जनक बेडन-पॉवेलनी वीस मुलांचं शिबिर घेतलं, हे कुठंही वाचायला मिळतं. आपल्या हॉलची मंगलोरी कौलं जाऊन पत्रा कधी आला, ते तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

जुन्या माणसांकडं जाऊन बस, चहा घे, सगळं ऐक. साल मात्र त्यांच्या तोंडून उचलू नकोस. मी उचललं होतं. स्मरणिकेत ठोकून दिलं, ‘१९४४ साली आपलं भारत स्काउट पथक सुरू झालं.’ आठवड्यात एका जुन्या संघनायकांचं पोस्टकार्ड हजर: ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स ७ नोव्हेंबर १९५० ची. लेकरू आईच्या आधी कसं जन्मलं?’ त्याआधी देशात स्काउटांच्या वेगवेगळ्या संघटना होत्या, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरूंची सेवा समिती त्यातलीच. म्हणजे ४४ साली पथक असलंच, तर त्याच्या पाटीवर दुसरंच नाव असणार. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हापासून मी कागदाचा माथा आधी वाचतो. सांगली संस्थान १९४८ ला विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. पावतीवरची तारीख उंदरांनी खाल्ली असली तरी ‘द. सातारा’ एवढं शाबूत असलं की काम झालं, कागद १९४९ ते ६० मधला. घरपट्टी ‘नगरपालिके’ची असेल तर ती १९९८ च्या आधीची, महापालिका त्या साली झाली. जागेसाठी सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढ आणि त्यावरचे फेरफार नीट बघ.

२००५ च्या पुरात खालच्या कपाटातली हजेरीपुस्तकं लगदा झाली. माळ्यावरची ट्रंक वाचली. तीत जमाखर्चाची वही आहे: कंदिलाची काच, शिट्टीची दोरी, शिबिराचे पोहे. हिशेब आण्यांवरून नव्या पैशांवर आला, तिथं १९५७ उजाडलं असं धर. एका पानावर ‘दोरी हरवली, दंड एक आणा’ असंही आहे. दंड कुणाला ते मी सांगणार नाही, वही उघडशील तेव्हा कळेलच.

हॉलच्या भिंतीवर २०१९ च्या चिखलाचा पट्टा अजून आहे. तेव्हाच्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. दिवाळीआधी रंग लावायचं चाललंय. त्याच्या आत टेप लावून पट्ट्याची उंची घे आणि शेजारी कुणाला तरी उभं करून फोटो काढ.

किल्ली आमच्याकडं आहे, रविवारी सकाळी ये. ट्रंकेचं कुलूप गंजलंय, येताना बाटलीत चमचाभर गोडेतेल आण.