दुभाषी व्हायचंय तर एका वेळी एकच गोष्ट घास

अरे, कोंकणीतून मराठीत इंटरप्रिटिंग (ऐकलेलं लगेच तोंडी भाषांतर करणं) सुधारायला तू तासन्तास बातम्या ऐकतोस म्हणालास, पण नुसतं ऐकून ते सुधरत नाही. भाषांतर करताना तुझे आकडे सुटतात ना, मग आधी तेवढंच घास: आकाशवाणी पणजीच्या कोंकणी बातम्या रेकॉर्ड कर, दोनेक मिनिटांचा तुकडा लाव, मराठीत बोल, स्वतःचा आवाजही रेकॉर्ड कर, मग दोन्ही ऐकून काय गळलं ते लिही आणि तोच तुकडा परत (कंटाळा येतो, येऊदे). ऐकताना घेतलेल्या नोट्समध्ये पूर्ण वाक्यं नकोत, बाण आणि खुणा पुरे, नावं-आकडे मात्र लगेच उतरव. सायमल्टेनियसची (वक्ता बोलत असतानाच भाषांतर करण्याची) घाई नको, बूथमधले (दुभाष्यांच्या आवाजबंद खोलीतले) मुरलेले लोकसुद्धा २०-३० मिनिटांनी जोडीदाराकडे माईक देतात. आणि रेकॉर्डिंग घरी कोंकणी बोलणाऱ्या कोणालातरी ऐकव, भाषा जवळच्या असल्यामुळे कोंकणी शब्द तसाच मराठीत ढकललेला आपल्या कानाला कळतच नाही.