चौथा चाकू घेऊ का? रानात जाणाऱ्यांच्या खरेदीविषयी प्रश्नोत्तरे

मिरग लागला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. कुठल्या वाटेने जावे, वनखात्याची परवानगी कशी काढावी, ओहोळाला अचानक पाणी चढले तर काय करावे, असे विचारणारे दोन-चार. बाकीचे सगळे ‘हे घेऊ का, ते घेऊ का’ विचारणारे. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांत मी माणसांना रानात नेतो आणि प्रथमोपचार शिकवतो. दुकान चालवत नाही. तरी तेच ते गैरसमज इतक्या पत्रांतून येतात की निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरे देतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे तीन चाकू आहेत. आता कार्बन स्टीलचा, मुठीच्या टोकापर्यंत अखंड पाते असलेला चाकू सवलतीत मिळतो आहे. घेऊ का? (एक वाचक, फोंडा)

नको. घरातल्या तिन्हींना धार लावायला शिका. कार्बन स्टील आपल्या दमट हवेत तेल न लावता ठेवले तर पावसाळाभरात गंजते, तेव्हा तो चाकू सांभाळायचे कामही तुमच्याच गळ्यात पडेल.

प्रश्न : व्हिडिओ बघून बुशक्राफ्ट, म्हणजे रानात मिळेल त्यावर राहायची कला, शिकतो आहे. चाकू, छोटी कुऱ्हाड आणि ठिणगी पाडायची कांडी घेतली. म्हादई अभयारण्यात दोन रात्री राहायचे, फांद्या तोडून खोप बांधायची आणि चूल पेटवायची असा बेत आहे. आणखी काय सामान लागेल? (एक वाचक, पणजी)

सामान राहू द्या, आधी बेत रद्द करा. ते व्हिडिओ ज्या देशांतले आहेत तिथली राने वेगळी आणि कायदेही वेगळे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि शस्त्राच्या व्याख्येत त्या कायद्याने चाकूही धरला आहे. झाडझाडोरा तोडता येत नाही, रानाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही. म्हादई, भगवान महावीर, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, सगळीकडे हेच. पाते विकणारे हे कधी सांगत नाहीत. त्या भागातल्या वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन काय चालते आणि काय चालत नाही ते विचारा, परवानगी लेखी घ्या. ‘काय होत नाही रे, आम्ही नेहमी जातो’ असे सांगणारे पकडले गेल्यावर सोबत येत नाहीत.

शिकायचेच असेल तर ओळखीच्या माणसाच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), मालकाला विचारून शिका. पावसात चूल पेटवताना ठिणगी कमी पडत नाही, कोरडे जळण कमी पडते. चुडताचा (माडाच्या झावळीचा) आतला कोरडा भाग कसा निवडावा, नारळाचे सोडण (काथ्याचे साल) कसे पिंजावे, सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी ओली झाली तरी कशी पेट घेते, हे काडेपेटीवरही शिकता येते. चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छतासाठी, कवंडळे, घागऱ्या ही रानफळे आणायला रानात जाणारा एखादा आजोबा तुमच्या गावात असेल. त्यांच्यासोबत एक सकाळ काढा. त्यांच्याकडे कमरेला एक कोयता असतो, खांद्याला एक पिशवी असते आणि कुठल्या वेलीला हात लावायचा नाही ते डोक्यात असते.

प्रश्न : पाणी आत न येणारे आणि घाम बाहेर टाकणारे महागडे जॅकेट घेतले. तरी चोर्ला घाटात आतून चिंब झालो. यापेक्षा वरच्या दर्जाचे घ्यावे का? (एक वाचक, मडगाव)

नाही. जॅकेट बिघडलेले नाही, ते चुकीच्या हवेत वापरले जाते आहे. अशा कापडातल्या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त उबदार आणि दमट असते म्हणून. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. जुलैमध्ये आपल्या घाटात बाहेरची हवाच पाण्याने ठासून भरलेली असते; चढावर तुम्ही घामाघूम होता आणि वाफेला जायला वाव राहत नाही. दुप्पट किमतीचे जॅकेट ही हवा बदलू शकत नाही. त्यातून वरच्या कापडावरचा पाणी ओघळवणारा लेप झिजला की कापड भिजून जड होते आणि उरलासुरला मार्गही बंद होतो.

मोकळ्या वाटेवर छत्री घ्या, वारा असेल तर सैल पोंचो. अंगात लवकर वाळणारा शर्ट आणि सॅकमध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड. पाणी आत न येणाऱ्या बुटांचेही असेच आहे: ओहोळ ओलांडताना पाणी वरून शिरते आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे, चांगली पकड असलेले बूट पाण्याचा निचरा करतात. मधुमेह असेल किंवा पायाला जखम असेल तर मात्र ओल्या बुटांनी चालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी सर्पदंशाचा किट मागवला. त्यात विष ओढणारा पंप, ब्लेड आणि बांधायला पट्टा आहे. मीही घ्यावा का? घरातले म्हणतात, गावात विष उतरवणारे आहेत, किट कशाला? (एक वाचक, डिचोली)

किटही नको आणि विष उतरवणाराही नको. याचे उत्तर लांबेल, कारण या एका डब्यामुळे माणूस दगावू शकतो.

पंपापासून सुरू करतो. विष दातांतून मांसात शिरले की तिथे साठून राहत नाही, पसरू लागते. २००४ साली अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला. माणसांच्या पायात विषासारखा निरुपद्रवी द्रव टोचून तो अशाच पंपाने ओढून पाहिला. पंपातून लालसर पाणी आले. टोचलेल्या द्रवाच्या दहा हजार भागांतले जेमतेम चार भाग त्यात होते. बघणाऱ्याला मात्र वाटते, विष निघाले. मग ‘आता बरे वाटतेय, थोडे थांबून बघू’ असे म्हणत तासभर जातो, आणि तो तास परत मिळत नाही.

ब्लेड त्याहून वाईट. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. अशा माणसाला चीर दिली तर रक्त थांबवणार कसे? पट्टा करकचून बांधला की खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि विषाने आधीच पोखरलेला पाय किंवा हात कायमचा जाऊ शकतो.

उतरवणाऱ्यांविषयी. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष टोचले जातेच असे नाही. ती माणसे एरवीही वाचलीच असती. त्यांचे नाव सांगून औषधाची ख्याती वाढते, गेलेल्यांचे नाव कोणी घेत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली पुष्कळशी इस्पितळापर्यंत पोहोचलीच नाहीत.

विषावर उतारा एकच: प्रतिविष, आणि ते इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे, कारण त्याची उलट प्रतिक्रिया येऊ शकते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. चापड्याच्या जातीच्या सापांवर (पिट वायपर) ते बनवलेले नाही, आणि आपल्या घाटात चापडे आहेत. म्हणून काय द्यायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दंश झाला तर सापापासून दूर व्हा. माणसाला बसवा, धीर द्या. अंगठी, बांगड्या, घड्याळ, बूट काढा, कारण सूज येणार. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर ठेवतात तसा काठीच्या किंवा मिटलेल्या छत्रीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवा. त्याला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा. रस्ता दूर असेल तर मिळेल त्या गाडीने रस्त्याकडे निघा आणि वाटेत रुग्णवाहिका गाठा. दारू, जडीबुटी, दुखण्याची गोळी काही देऊ नका. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. लांबून सहज फोटो निघाला तर ठीक. पापण्या जड होणे, बोलणे जड होणे, हिरड्यांतून रक्त येणे, उलटी, पोटदुखी यांतले काय केव्हा सुरू झाले ते वेळेसह लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

मण्यारीविषयी वेगळे सांगतो. ती रात्री, झोपलेल्याला चावते. वेदना जवळजवळ होत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या उघडत नाहीत, मग श्वास अडतो. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचली पाहिजे. किटचे पैसे त्यात घाला. उरले तर हातात धरायची चांगली विजेरी आणि घोट्यापर्यंत येणारे बूट घ्या. निघण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, ते विचारून ठेवा. नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंत) किती वेळ लागेल त्याचा हिशेब करूनच मुक्कामाची जागा ठरवा. ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही हे वाचून दाखवा, आणि ती ब्लेडे आजच डब्यातून काढून टाकायला सांगा.

प्रश्न : डोक्याला बांधायच्या दिव्यासाठी ९,९०० एमएएचची १८६५० बॅटरी स्वस्तात मिळते. घ्यावी का? (एक वाचक, म्हापसा)

आकडा खोटा आहे. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचे माप, आणि १८६५० हे सेलच्या आकाराचे नाव. त्या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये ३,५०० च्या आसपास एमएएच मावतात. असा माल निकृष्ट असतो, चार्ज करताना पेटूही शकतो. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवून नामांकित कंपनीचा सेल घ्या.

प्रश्न : दोन वर्षे यादीप्रमाणे एकेक वस्तू जमवतो आहे. उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग राहिली आहे. ती आली की ट्रेकिंग सुरू करणार. कुठली घेऊ? वय ४६. (एक वाचक, पेडणे)

दोन वर्षे घरी बसलात, हे वाचून वाईट वाटले. डिसेंबर-जानेवारीत सत्तरीत पहाटे गारवा असतो, त्याला चादर आणि स्वेटर पुरतो. उणे दहाची बॅग गोव्यात उघडायची वेळच येणार नाही. शिवाय तो ‘उणे दहा’ बऱ्याच बॅगांवर जीव तगण्याच्या मर्यादेचा आकडा असतो, सुखाने झोप लागण्याचा नव्हे. विकणारा मोठा आकडा पुढे करतो आणि दुसरा बारीक अक्षरात ठेवतो. हिमालयात गेलात तर तिथे बॅग भाड्याने मिळते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी शिकायला गेलात तर तांत्रिक सामान संस्थाच देते.

या आठवड्यात डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. त्यांनी होकार दिला की येत्या रविवारी सकाळी बोंडल्याला जा. पाणी, टोपी, ओआरएसची दोन पाकिटे आणि पायात सवयीचे बूट, एवढे तुमच्याकडे आहेच. यादीवरची पुढची वस्तू पुढच्या चार-पाच चालींत तिची खरोखर अडचण भासली तरच घ्यायची.

प्रश्न : आमच्या मिस्टरांच्या कपाटात चार सॅक, दोन तंबू, बुटांचे पाच जोड आहेत. पगार झाला की पार्सल येते. रानात वर्षात एकदाही गेले नाहीत. आता क्रेडिट कार्डाचे हप्ते थकलेत. बोलले की चिडतात. (एक वाचक भगिनी, कुडचडे)

ताई, सामान चांगले की वाईट हा प्रश्न इथे उरलेला नाही, पण सुरुवात सामानापासूनच करता येईल. एखाद्या रविवारी दोघांनी मिळून सगळे हॉलमध्ये काढा. न वापरलेल्या बुटांच्या तळव्याचा मधला थर अंगठ्याने दाबून बघायला त्यांना सांगा. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत, कपाटात नुसता पडूनही आतून विरतो. नवा दिसणारा बूट पहिल्याच चालीत तळव्यापासून सुटतो. तंबूच्या आतला लेपही तसाच चिकट होतो, आंबूस वास मारतो. ‘घेऊन ठेवले, केव्हातरी उपयोगी पडेल’ हे आपल्या हवेत चालत नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताला कळू द्या. सासू-सासऱ्यांसमोर किंवा मुलांसमोर विषय काढू नका.

थकलेल्या हप्त्यांसाठी लगेच बँकेत जा. त्यावरचे व्याज वाट बघत नाही. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘आज रात्रीपर्यंतच’ असे संदेश पाठवणारी ॲप फोनवरून काढायला ते तयार होतात का बघा. ते पार्सले लपवत असतील, किंमत खोटी सांगत असतील, खरेदी केली नाही तर बेचैन होत असतील, तर समुपदेशकाची मदत घ्या. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवता येते; फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आधी तुम्ही एकट्या बोललात तरी चालेल.

प्रश्न : पॅराकॉर्ड (पॅराशूटसाठी वापरतात तशी बारीक नायलॉनची दोरी) २५० किलो वजन पेलते म्हणतात. तिच्यावरून धबधब्याच्या कड्यावरून उतरता येईल का? (एक वाचक, काणकोण)

नाही. तो आकडा नव्या, सरळ, गाठ नसलेल्या दोरीवर हळूहळू टांगलेल्या वजनाचा आहे. गाठ, दगडाची धार आणि एक झटका यांपुढे ती टिकत नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, ते पाळा. कड्यावरून उतरणे प्रशिक्षकाच्या हाताखाली, त्याच कामासाठी प्रमाणित केलेल्या दोरावरच शिका.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीला रानाची ओढ लागली आहे. एकच वस्तू घ्यायची तर कुठली? (एक वाचक, साखळी)

बूट. आणि दहा-वीस रुपयांची शिट्टी तिच्या गळ्यात घाला: वाट चुकली तर जिथे आहे तिथेच थांबायचे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या मारायच्या, एवढे घरीच दोनदा करून घ्या. दमा असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच न्या, आणि पंप तिच्याच खिशात राहू द्या. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पावले थोडी फुगतात. जे मोजे घालणार तेच घालून, दोन्ही पायांत चढवून, दुकानातल्या पायऱ्या उतरायला लावा. बोटे पुढे टेकली तर एक माप वाढवा.