पैशाचं राजकारण मोडायला पुन्हा पैसाच गोळा करायचा का?

प्रश्न: ताई, मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, केळी आणि थोडा कापूस. पुतण्या पुण्याला नोकरीला आहे, त्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. राजकारणातला पैसा हटवायचा म्हणून काही तरुण मंडळी ऑनलाइन वर्गणी गोळा करताहेत, त्यातून विधानसभेला पैसे न वाटणाऱ्या उमेदवारांचा प्रचार करणार म्हणे. तो म्हणतो काका, निदान पाचशे तरी टाका. पाचशेचं काही नाही, पण मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत काय चालतं ते मी पाहिलंय, म्हणून मन घेत नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे असं मला वाटतं. पोरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, शंका आहे ती त्या पैशातून ते काय विकत घेणार याबद्दल.

हाच प्रयोग अमेरिकेत झालाय. लॉरेन्स लेसिग नावाचे हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक, त्यांनी 1 मे 2014 ला 'मेडे पॅक' नावाचा निवडणूक निधी काढला, लोकांच्या वर्गणीतून निवडणुकीतला मोठा पैसा संपवायचा म्हणून. पहिल्या महिन्यात दहा लाख डॉलर, मग 4 जुलैपर्यंत आणखी पन्नास लाख, दोन्ही टार्गेट पूर्ण झाली आणि वरून काही श्रीमंतांनीही भर घातली. एकूण एक कोटी डॉलरच्या आसपास. नोव्हेंबरात निकाल लागला तर त्यांनी पाठबळ दिलेले बहुतेक उमेदवार पडले, कारण त्या एकाच निवडणुकीत देशभरात सगळ्यांचा मिळून खर्च साडेतीनशे कोटी डॉलरच्या वर होता, त्यात हा एक कोटी कुठे दिसणार? जाहिरातीच्या बाजारात उतरलं की ज्याची थैली मोठी त्याचाच आवाज मोठा, वर्गणी कितीही प्रामाणिक असो.

आपल्याकडे तर कायद्याचीही अडचण आहे आणि ती पुतण्याला नक्की सांगा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर बाहेरच्याने खर्च केला तर तो गुन्हा ठरतो, आणि परवानगी घेतली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो, विधानसभेला ती मर्यादा महाराष्ट्रात 40 लाख आहे. आणि पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही! म्हणजे तुमच्या पाचशेला कुंपण आणि समोरच्याला मोकळं रान. शिवाय तुमच्या गल्लीत रात्री जे वाटलं जातं ते कुठल्याच हिशोबात येत नाही, त्याच्याशी व्हिडिओ आणि पोस्टर काय लढणार.

पण वर्गणीच वाईट असंही मी म्हणणार नाही. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडात लोकांनी एक कोटी रुपये जमवले होते, तेही त्या काळात. प्रश्न पैसा कशावर जातो हाच आहे. निवडणूक रोख्यांचं, म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन पक्षांना देणगी म्हणून द्यायच्या कागदांचं बघा ना, ती योजना 2018 मध्ये लागू झाली, कोणी कोणाला किती दिले ते मतदाराला कळायचंच नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही निवडणूक सुधारणांसाठी काम करणारी संस्था आणि इतर काही जण सुप्रीम कोर्टात गेले, वर्षानुवर्षं केस चालली, आणि 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांनी योजनाच रद्द केली. स्टेट बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, कोर्टाने ती नाकारली, आणि मार्चमध्येच देणाऱ्या-घेणाऱ्यांची यादी लोकांसमोर आली. यासाठी सभा घ्याव्या लागल्या नाहीत, कोणाला निवडून आणावं लागलं नाही, चिवटपणे कागद धरून बसले. 2002 ला उमेदवारांच्या संपत्तीचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र मिळालं तेही अशाच एका केसमुळे. अशा कामाला कोणी वर्गणी मागितली तर मी स्वतः देईन.

म्हणून पुतण्याला तीन गोष्टी विचारा: पैसा जमा होतोय तो कोणाच्या खात्यावर, त्याचा हिशोब कुठे दाखवणार, आणि प्रचार सोडून दुसरं काय करणार. नीट उत्तर नाही आलं तर पाचशे ठेवा खिशात, नाही म्हणताना संकोच करू नका, तो तुमचाच पोरगा आहे, समजून घेईल.

आणि पैसे न देताही एक काम करता येतं. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि एक रुपया फी भरून कोणालाही तो बघता येतो. पुतण्या सुट्टीला आला की त्याला घेऊन जळगावला जा, तुमच्या गल्लीत जे पाहिलं ते त्या कागदाशी ताडून बघा आणि नक्कल मागून घ्या, नकलेची फी वेगळी लागेल.