अमेरिकेत चिकन-बीफ सोडून बदक, व्हील (वासराचं मांस) असे तयार स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) चांगले कुठे मिळतात?

सुपरमार्केटच्या खोक्यातल्या स्टॉकवर पैसे घालवू नका, बहुतेक पाणी नि मीठच असतं. मोर दॅन गूर्मे म्हणून कंपनी आहे, त्यांचे छोट्या डबीत घट्ट आटवलेले स्टॉक मिळतात, बदकाचा पण आहे, थोडासा गरम पाण्यात विरघळवला की झालं, आणि डार्टान्यान कंपनीवाल्यांचा बदक-व्हीलचा डेमी-ग्लास (स्टॉक आटवून केलेला घट्ट सॉस) आहे तो सॉससाठी खरंच सुंदर लागतो, महाग आहे पण एकदा घेऊन बघाच. बेटर दॅन बुयॉन ब्रँडची स्टॉकची पेस्ट रोजच्यासाठी ठीक, पण खारट असते, म्हणून मीठ अगदी शेवटी चव बघून घाला, नाहीतर आटल्यावर सगळं खारट होतं.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिलंच मीठ दिसलं तर डबी परत ठेवा. फ्रीजमध्ये जेलीसारखा थिजला तर तो हाडांतून नीट उतरलेला स्टॉक. जवळ चांगला बुचर असेल तर आधी त्यालाच विचारा, बरेचजण स्वतः करून फ्रोझन विकतात.

पांढऱ्या रश्श्यासाठी मात्र यातलं काहीच नको, हलाल दुकानातून गोटची हाडं आणून कुकरला लावा, ती चव कुठल्याच डबीत नाही.