खोडरबर कपाटात ठेवा

"मुलगा हुशार आहे हो मॅडम, सगळं तोंडपाठ आहे. फक्त वही काढली की रडारड." पहिलीतल्या मुलांच्या आया हे मला इतक्यांदा सांगतात, की आज त्यावरच लिहायचं ठरवलं.

चिन्मय (नाव बदललंय) सहा वर्षांचा. त्याच्या वहीच्या पानामागून मी बोट फिरवलं. प्रत्येक अक्षर पलीकडे उठलं होतं, इतका जोर. 'क'च्या जागी कागद विरला होता.

"खोडतं कोण?"

"मीच," आई म्हणाली. "चुकलेलं तसंच कसं ठेवायचं?"

चिन्मयला विचारलं, लिहिताना काय होतं रे? त्याने अंगठा धरून दाखवला. "इथे दुखतं. आणि आई परत काढायला लावते."

दोन्ही कारणं पोराने एका दमात सांगितली होती. आपण त्याला आळस म्हणतो. या वयात बोटांचे बारीक स्नायू अजून तयार होत असतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पानं मुलांच्या हातात दिली. मी त्याच वाटेवरची. आधी हात, मग अक्षर, यावर माझा पक्का विश्वास आहे आणि इतक्या वर्षांत त्याने मला क्वचितच दगा दिलाय.

म्हणून वही पंधरा दिवस बंद केली. मटार सोलणं, कणीक मळणं, ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढणं. मग खडू आणि पाटी, तीही दहाच मिनिटं, संध्याकाळी खेळून खाऊन झाल्यावर. खोडरबर कपाटात. आईला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

तरी काहीतरी राहत होतं. हात मोकळा झाला, पण लिहायचं कुणासाठी? पानभर 'कमळ' कुणीच वाचत नाही. आईला म्हटलं, घरातली एक खरी चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घ्या आणि दुरुस्त करू नका.

चार दिवसांनी फोन आला. गावाला जायचं होतं म्हणून चिन्मयने दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीत चिठ्ठी टाकली होती: 'उद्या दुद नको'. आईचा हात शिवशिवत होता, पण तिने आवरलं. सकाळी पिशवी रिकामी. पोरगं घरभर नाचलं. "काकांनी माझं वाचलं!"

त्या आईने स्वतःला आवरलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

वयाच्या सातआठ वर्षांनंतरही अक्षरं उलटी येत असतील, वाचतानाही अडत असेल, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. चिन्मयला तशी गरज पडली नाही. पुढच्या भेटीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, दूधमधला 'ध' कसा काढायचा? परवा दोन पिशव्या हव्यात."