पान उघड, ब्रदर

प्रिय ब्रदर,

ईशज्ञानाच्या प्रबंधाविषयीच्या तुझ्या चार पानी पत्रात ‘पद्धती’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला, निवृत्त माणसाला वेळ असतो. लोनर्गन या जेझुइट विचारवंतानं ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी सांगितलेले आठ टप्पे घेऊ, की गरिबांच्या अनुभवापासून सुरुवात करू? ऐतिहासिक चिकित्सा कुठवर? गाईडना पहिलं प्रकरण पद्धतीवरच हवंय. आणि शेवटी, जाता जाता, ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे संत सिप्रियनचं, तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशपचं, वचन एका पुस्तकातून घेतलंय, चालेल ना?

नाही चालणार. तुझा गोंधळ पद्धतीचा नाहीच. तू सिप्रियन उघडलेला नाहीस.

रागावू नको. मी अगस्तीन, आफ्रिकेतला तो थोर बिशप, उघडला नव्हता. लायसन्शिएटच्या, म्हणजे डॉक्टरेटच्या आधीच्या पदवीच्या, प्रबंधात पोपच्या अधिकारावरचं प्रकरण मी ‘रोम बोलले, वाद संपला’ या वाक्यानं सुरू केलं होतं. अवतरणचिन्हांत. तळटीप: संत अगस्तीन, प्रवचन १३१. व्हायवाला परीक्षकांनी मीन्यच्या लॅटिन मालेचा, म्हणजे धर्मपितरांच्या (प्राचीन ख्रिस्ती लेखकांच्या) मूळ ग्रंथांच्या संग्रहाचा, ३८ वा खंड टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. ‘रोम बोलले’ तिथं नव्हतंच! अगस्तीन म्हणतो, या प्रकरणी दोन धर्मसभांचे निर्णय रोमला पाठवले, तिकडून उत्तरंही आली, प्रकरण संपलं, ही चूकही एकदाची संपो.

म्हणजे आधी आफ्रिकेतले बिशप ४१६ मध्ये कार्थेज आणि मिलेव्हिस इथं बसले, देवाच्या कृपेविना माणूस स्वतःच्या बळावर पुण्यवान होऊ शकतो असं शिकवणाऱ्या पेलागियसविरुद्ध निर्णय घेतले, ते रोमला कळवले आणि पोप इनोसंटनी होकार दिला. माझ्या वाक्यातून ते सगळे बिशपच गायब होते. आणि ‘संपलं’ म्हणावं तर प्रवचनाच्या त्याच वर्षी, ४१७ मध्ये, पुढचे पोप झोसिमस यांनी तेच प्रकरण पुन्हा ऐकायला घेतलं. निषेध झाला तो ४१८ मध्ये. ज्या वाक्यावर मी प्रकरण उभं केलं, त्याच्याच शेजारी त्याचं उत्तर छापलेलं होतं.

पास केलं त्यांनी. पण डॉक्टरेटला मी गेलो नाही. पॅरिशची कामं आडवी आली असं आजवर सांगत आलोय. कामं होतीच म्हणा, खोटं नाही ते. पण ते टेबलही होतं. असो. त्यानंतर मी जे थोडं लिहिलं, त्यातली एकही तळटीप न पाहिलेल्या पानाची नाही. थोडंच लिहिलं म्हणून हसणाऱ्यांनी हसावं.

आता तुझा सिप्रियन. ते वाक्य युबायानस या बिशपला लिहिलेल्या ७३ व्या पत्रात आहे, साल २५६ च्या आसपास. (इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या इंग्रजी भाषांतरात तेच पत्र ७२ वं आहे, तिथं घोटाळा करशील.) वाद कशाचा? पाखंडी मंडळींनी दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा, याचा. तुझ्या प्रबंधातले हिंदू शेजारी त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते. आणि गंमत बघ, बाप्तिस्म्याच्या त्या मुद्द्यावर ख्रिस्तसभेनं पुढे सिप्रियनचं ऐकलंच नाही. तेच वाक्य १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेत कठोर होऊन येतं. १९४९ मध्ये बॉस्टनच्या आर्चबिशपांना गेलेल्या रोमच्या पत्रात त्याचा अर्थ उलगडला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या ख्रिस्तसभेवरच्या संविधानातला १६ वा परिच्छेद बघ, मग कळेल वाक्य कुठून कुठं आलं. एका बिशपचं पत्र, विश्वपरिषदेचा आदेश, रोमच्या कार्यालयाचं पत्र, धर्मसिद्धान्तविषयक संविधान: यांचं वजन सारखं नाही. कुणी, कुणाला, कशासाठी आणि किती अधिकारानं सांगितलं, हे ठरवणं म्हणजेच पद्धती. त्यासाठी चारही पानं उघडावी लागतात.

डेन्झिंगर आहे माझ्याकडे, म्हणशील. १८५४ पासून सगळ्यांकडेच आहे. ती ख्रिस्तसभेच्या निर्णयांच्या कात्रणांची वही आहे, बाबा. त्यातला क्रमांक म्हणजे घराचा नंबर. आत तुलाच जायचंय.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’ या ग्रंथाचं तर विचारूच नको. भाग, प्रश्न, कलम असा संदर्भ मुलं बिनचूक देतात आणि उद्धृत करतात ते त्यानं खोडून काढण्यासाठी मांडलेला आक्षेप! कलमाच्या सुरुवातीला विरोधकांचं म्हणणं असतं, त्याचं स्वतःचं उत्तर ‘रेस्पाँदेओ’ (‘मी उत्तर देतो’) या शब्दापासून पुढे. दरवर्षी एक तरी बहाद्दर भेटायचा.

क्रम हवा असेल तर धर्मगुरूंच्या शिक्षणावरच्या, त्याच परिषदेच्या ‘ऑप्तातम तोतियुस’चा १६ वा परिच्छेद वाच: आधी पवित्र शास्त्र, मग पूर्वेचे आणि पश्चिमेचे धर्मपितर, मग सिद्धान्ताचा इतिहास, त्यानंतर थॉमसचा हात धरून चिंतन. लोनर्गन नंतर, तो काही पळून जात नाही.

हो, तुझ्या तिसऱ्या प्रकरणात फादर स्टीफन्स आहेत, १६१६ चं ‘ख्रिस्तपुराण’. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ आपल्या वसईत पोरासोरांना पाठ आहे. ती ओवी त्यातल्या दोनपैकी कुठल्या पुराणाच्या कितव्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, आहे आणि तिच्या मागेपुढे काय आहे, हे तू बघितलंस का? खरं सांग.

सिप्रियनचं पत्र मी झेरॉक्स करून पाठवणार नाही. सेमिनरीच्या वाचनालयात मीन्यचे खंड आहेत, बहुधा धुळीत. काढ, लॅटिन अडलं तर शब्दकोश घे, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव, स्तंभाचा आकडा दिसेल असा. तुझ्या पहिल्या प्रकरणाचं मग बोलू.

तुझा,
फादर