टेबलावरचं दोनशे ग्रॅमचं वजन

"मॅडम, ऑफिसात टेबलावर पेन कुठं ठेवायचा त्याचापण नियम केलाय, आणि मला त्याचा एवढा त्रास व्हायलाय की रविवारी संध्याकाळपासनंच पोटात गोळा येतो, मी उगाच मनाला लावून घेते काय?"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न मला आता इतक्या जणांनी विचारलाय, आमच्या बेळगावात उद्यमबागेतल्या कंपन्यांतनं, पतसंस्थांतनं, एकदा तर कॉलेजच्या ऑफिसातनं, की म्हटलं एकदा लिहूनच टाकूया. जिच्यामुळं मला हा विषय नीट कळला तिचीच गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितेय, नाव सांगणार नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

खानापूरकडची, पस्तिशीच्या आतबाहेर, कास्टिंगच्या एका कंपनीत डिस्पॅचचं काम बघते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली, दुसऱ्या रेल्वे गेटावर गाडी अडकली म्हणून. आमच्या टिळकवाडीत ह्या कारणाला कोण हरकत घेत नाही, पण तिनं चार वेळा सॉरी म्हटलं आणि खुर्चीत बसायच्या आधी माझ्या टेबलावरची पेनं सरळ केली. तिचं तिलाच कळलं, आणि रडायलाच लागली.

झालं असं होतं. कंपनीत नवीन मॅनेजर आला, त्यानं फाइव्ह एस आणलं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत. टेबलावर पिवळ्या टेपनं चौकोन मारले, इथं कीबोर्ड, इथं माऊस, इथं फोन, इथं स्टेपलर. पाण्याची बाटली निळीच पाहिजे. फोटो नको, देव नको, कुंडी नको. सहा वाजता एकजण फिरून प्रत्येक टेबलाचा फोटो काढणार, ज्याच्या टेबलावर जास्तीचं काय सापडेल त्याला लाल टॅग, आणि तो फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

तिच्या टेबलावर दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन असायचं, वडिलांच्या किराणा दुकानातलं. दुकान बंद झालं तेव्हा तराजू भंगारात गेला, हे एक तिनं ठेवून घेतलेलं. पंख्याखाली मालाची चलनं उडतात म्हणून त्यावर ठेवायची. त्याला लाल टॅग लागला. ओतीव लोखंडाच्या कारखान्यात ओतीव लोखंडाला लाल टॅग! मला हसू आलं, तिला नाही आलं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या दोन बैठकांत मी ह्याला चिंतेची केस समजून बसले. झोप मोडते, पोटात गोळा, घरी भांडी रांगेत नसली तर ओरडणं, पोराचं दप्तर वाकडं दिसलं तर धपाटा, सगळी लक्षणं तशीच होती ना. म्हणून मी तिला श्वासाचा व्यायाम दिला. तिसऱ्या वेळी आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, श्वास मी घेते की ओ, पण टेप तिथंच आहे." बरोबर बोलली. टोचतंय टेबलावर आणि मी औषध लावतेय पोटाला.

मग मी तिला कॅलेंडरचं जुनं पान दिलं, म्हटलं मागच्या कोऱ्या बाजूला सगळे नियम लिही, एकूण एक. चौदा निघाले. म्हटलं आता ह्याचे तीन ढीग कर, कारण कळतं ते, कारण कळत नाही पण मला काय फरक पडत नाही ते, आणि खरंच त्रास देतात ते.

तिला वाटलं सगळे चौदा तिसऱ्या ढिगात जाणार. गेले तीन.

सहा नियमांचं कारण तिनंच मला समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग रात्री टेबलावर ठेवायची नाहीत, स्क्रीन लॉक करूनच उठायचं, हे का, तर असलीच कामं करणारी दुसरी कंपनी दोन रस्ते सोडून आहे. हे खरंच आहे, माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ 27001 म्हणून जे मानक आहे त्यात टेबल आणि स्क्रीन मोकळी ठेवण्याचा मुद्दा आहेच. पण तो कागदपत्रं आणि माहिती उघड्यावर पडू नये म्हणून आहे, वडिलांच्या वजनाशी त्याचं काय वैर नाही. आणि फाइव्ह एस म्हणजे जपानी कारखान्यांतली पद्धत, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके, म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडूनपुसून घ्या, त्याची रीत बसवा, आणि ती पाळा. पाना शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून मशीनपाशी ती झकास चालते, लाल टॅगपण तिथलाच, पडून राहिलेली वस्तू वेगळी काढून तिचं काय करायचं ते ठरवायला. वस्तूवर लावायचा टॅग माणसाला लावला की घोळ होतो, आणि ह्या साहेबानं तेच केलेलं.

पाच नियम "असूं दे तिकडं" मध्ये गेले. निळी बाटली त्यातच.

उरलेले तीन म्हणजे ग्रुपवरचा फोटो, वजन, आणि माऊसचा चौकोन. माऊसचं काय म्हटलं तर म्हणाली, "मी डावरी आहे की मॅडम, चौकोन उजवीकडं मारलाय." म्हणजे तीन महिने ही बाई उजव्या हातानं माऊस चालवत होती, मनगट दुखायचं ते वेगळंच, आणि एकाला बोलली नव्हती! का म्हणून विचारलं तर, "मराठी बघून मुद्दाम करायलेत असं वाटलं, मग कशाला सांगा." आमच्याकडं ही शंका पटकन येते, तिला दोष देत नाही, इथं राहणाऱ्याला कळतं ती का येते. पण मी एवढंच विचारलं की टॅग अजून कोणाकोणाला लागले. मग आठवून म्हणाली, शेजारच्या अक्काच्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या फोटोला लागला, ती तर कन्नडच. मॅनेजरच्या खालच्या माणसाच्या चष्म्याच्या डबीलापण लागलेला. म्हणजे टॅग भाषा बघत नव्हता.

इथं एक प्रयोग सांगायलाच पाहिजे, मी तिलाही सांगितला. इंग्लंडात एक्झीटर विद्यापीठात क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅसलम ह्यांनी 2010 मध्ये छापलेला. काही लोकांना एकदम मोकळ्या टेबलावर काम दिलं, काहींना झाडं-चित्रं लावून सजवलेल्या जागेत, आणि काहींना ती झाडं-चित्रं त्यांची त्यांना मांडू दिली. मोकळ्या टेबलापेक्षा सजवलेल्या जागेत काम साधारण 17 टक्के जास्त झालं, स्वतः मांडलेल्या जागेत 32 टक्के. पण खरी गंमत चौथ्या गटाची. त्यांना आधी त्यांच्या मनासारखं मांडू दिलं आणि मग प्रयोग करणाऱ्यानं त्यांच्यासमोरच ते सगळं बदलून टाकलं. झाडं तीच, चित्रं तीच, पण मिळालेला फायदा गायब. ऐकून ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे टेबल साफ आहे का भरलेलं ह्याचा प्रश्नच नव्हता. नव्हताच. आपल्याला विचारलं नाही, आणि वर फोटो काढून चारचौघांत टांगलं, ते लागलेलं.

मग बोलायची तयारी. मी मॅनेजर झाले, ती तीच. पहिल्यांदा सॉरीनं सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला रडवेली, तिसऱ्याला एकदम भांडण. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं, सहा महिने गप्प आणि मग एका दिवसात सगळं. म्हटलं एका वेळी एकच विषय काढायचा, आणि पहिला माऊसचा, कारण त्यावर कोण वाद घालू शकत नाही. ग्रुपवर नाही, कोणासमोर नाही, त्याच्या टेबलापाशी. "हा नियम चुकीचा आहे" म्हटलं की समोरचा नियम वाचवायला बघतो, "हा कशासाठी आहे ते सांगितलात तर मला पाळायला बरं पडेल" म्हटलं की त्याला कारण आठवायला लागतं, आणि कधीकधी त्यालाच आठवत नाही. भाषेचं तिचं तिनंच ठरवलं, "सर, ऐदु निमिष माताडबेकित्तु", म्हणजे पाच मिनिटं बोलायचं होतं, अशी सुरुवात करून पुढं मोडक्यातोडक्या कन्नडात न घाबरता.

माऊसचं काम दुसऱ्याच दिवशी झालं. टेप रविवारी बाहेरच्या पोरांनी एकच माप घेऊन सगळ्या टेबलांना मारलेली, कोण डावरं कोण उजवं ते बघायला कोणाला वेळ होता. मॅनेजरनं स्वतः वाकून टेप उचकटली. फोटोचं प्रकरण महिनाभर चाललं, त्याचं म्हणणं ऑडिटला पुरावा लागतो, हिचं म्हणणं मग फोल्डरमध्ये ठेवा की, ग्रुपवर कशाला. ह्यावेळी शेजारची अक्कापण सोबत गेली, आणखी दोघं गेले. ग्रुप बंद झाला.

वजन नाही मिळालं. "आज वजन, उद्या देव, परवा कुंडी" म्हणाला. त्याचंपण बरोबर असेल, वरून त्याच्यावरपण दाब असणारच. ती म्हणाली ड्रॉवरमध्ये चालेल काय, तर चालेल म्हणाला. मला वाटलेलं ती नाराज होईल, पण ड्रॉवर तिचा, आत काय कुठं ठेवायचं ते तिचं ती ठरवते, तिथं टेप नाही.

सगळ्यांचं असं होत नाही हे मला माहीत आहे. चिकोडीकडच्या एकाला प्रत्येक लाल टॅगमागं पन्नास रुपये पगारातनं कापायचे. तिथं गोड बोलून भागत नाही. 1936 च्या वेतन कायद्यापासून नियम आहे की दंड वाटेल तेवढा आणि वाटेल त्या कारणाला लावता येत नाही, महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर नाही, आणि माणसाला त्याची बाजू मांडायची संधी द्यायला लागते. त्याला म्हटलं तोंडी राहू दे, कधी किती कापले ते तारखेसकट लिहून काढ, लेखी विचार, आणि कामगार खात्यात चौकशी कर. आणि दोन-दोन आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असले विचार यायलेत, तर टेबल-बिबल बाजूला ठेवा, आधी डॉक्टरकडं जा, नाहीतर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, भाषापण निवडता येते.

आणि उगाच मनाला लावून घेते काय, ह्याचं उत्तर मी आता सरळ देते. नाही. दिवसातले नऊ तास जिथं बसायचं तिथल्या वीतभर जागेवर आपलं काय चालत नाही म्हटल्यावर माणसाला लागणारच. फक्त चौदाच्या चौदा नियमांशी भांडत बसलात तर दमून जाल, तुमचे तीन कुठले ते आधी शोधा.

ती शेवटची आली तेव्हा गेट उघडं होतं, वेळेवर आली. पेनं सरळ केली नाहीत. जाताना बाटली काढून पाणी प्याली, निळीच. म्हटलं हे का निळं ते विचारलंस काय कधी? म्हणाली विचारलं की, त्यालाबी माहीत नाही.